सेकंडहँड गाडीत बिघाड निघाला तर: विकणारा कोण, बोलला काय, कागदावर आलं काय

"साहेब, गाडी एकदम क्लीन. सिंगल हँड, शोरूम मेंटेन, फक्त बासष्ट हजार चाललीय. डोळे झाकून घ्या."

जुनी गाडी बघायला गेलेल्या प्रत्येकाने हे कधी ना कधी ऐकलेलं असतं. पुढे भांडण झालं तर या वाक्याच्या प्रत्येक तुकड्याचं वजन वेगळं ठरतं. "एकदम क्लीन" ही नुसती फुशारकी, कायद्यात तिला फारशी किंमत नाही. "सिंगल हँड" हा पडताळता येणारा दावा आहे, कारण गाडीचे आजवर किती मालक झाले ते आरटीओच्या नोंदीत असतं. "शोरूम मेंटेन"ची खातरजमा सर्व्हिसच्या नोंदींवरून होते. आणि "बासष्ट हजार" हा तर आकडाच. तो खोटा निघाला की विकणाऱ्याला "माझ्या मते तसं होतं" म्हणून सुटता येत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात "दोष" म्हणजे फक्त यंत्रातला बिघाड नव्हे. मालाचा जो दर्जा कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याने ठरलेला असतो, त्यात उणीव आढळली की तो दोष. यातले "कोणत्याही प्रकारे" हे शब्द जुन्या गाडीच्या बाबतीत फार कामाचे. जाहिरातीतली ओळ, व्हॉट्सॲपवरचा मेसेज, कोटेशनवर पेनाने लिहिलेला मीटरचा आकडा, हे सगळं त्यात येतं. तोंडी बोलणंही येतं, पण ते सिद्ध करताना घाम फुटतो.

अमेरिकेत नव्या सदोष गाड्यांसाठी "लेमन लॉ" नावाचे खास कायदे आहेत. तसा वेगळा कायदा भारतात नाही. इथे तुमचं काम ग्राहक संरक्षण कायदा, १९३० चा मालविक्री कायदा आणि १८७२ चा करार कायदा या तिघांवर भागतं. यातला कोणता लागू पडेल, हे समोर कोण आहे त्यावर ठरतं.

विकणारा कोण?

एखाद्याने स्वतःच्या वापरातली गाडी ओळखीतून किंवा ऑनलाइन जाहिरात देऊन तुम्हाला विकली, तर तो व्यापारी नाही. अशा एकदाच्या खासगी व्यवहाराची तक्रार साधारणपणे ग्राहक आयोगात टिकत नाही. तिथे करार कायदा लागतो. त्याने खोटं सांगितलं असेल किंवा बिघाड मुद्दाम झाकला असेल, तर करार रद्द करून पैसे परत मागता येतात किंवा नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. तो दिवाणी न्यायालयात, तीन वर्षांच्या आत. मात्र नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. "तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही" हा बचाव खासगी विक्रीत बऱ्याचदा चालतो. म्हणून प्रश्न मेसेजवर विचारावेत: अपघात झालाय का, इंजिन कधी खोललंय का, मीटर बदललाय का? विचारल्यावर आलेलं खोटं उत्तर हा पुरावा ठरतो.

गाड्यांची खरेदी-विक्री हाच ज्याचा धंदा, तो कन्सल्टंट, डीलर किंवा ऑनलाइन कंपनी असेल, तर तुम्ही ग्राहक आणि तो विक्रेता. गाडी जुनी असली म्हणून कायद्याचं संरक्षण कमी होत नाही. तुम्ही ती पुन्हा विकायला किंवा मोठ्या व्यापारी कामासाठी घेतलेली नसावी, एवढीच अट आहे. स्वतः टॅक्सी चालवून पोट भरण्यासाठी घेतली असेल, तरी तुम्ही ग्राहकच.

तिसरा प्रकार फसवा, आणि सोलापूरसारख्या शहरात सर्रास दिसणारा. गाडी कन्सल्टंटच्या जागेत उभी, भाव त्याने केला, पैसे त्याने घेतले, पण आरसीवर नाव मूळ मालकाचं आणि टीटी फॉर्मवर (नाव ट्रान्सफरच्या अर्जावर) सहीही त्याचीच. बिघाड निघाला की उत्तर तयार असतं, "मी फक्त मधे होतो, मालकाशी बोला." पण कमिशन घेतलं म्हणजे त्याने सेवा दिली, आणि सेवेतल्या त्रुटीची तक्रारही ग्राहक आयोगात होते. पैसे कोणाच्या खात्यात गेले, हा इथे कळीचा पुरावा. रोख दिले असतील तर तोच हातातून गेलेला असतो. शिवाय एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्यानेच मनाई आहे. "रोख द्या, भाव कमी करतो" यात नेमका फायदा कोणाचा, ते यावरून ओळखावं.

१ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी वेगळी तरतूद आली आहे. विक्रेत्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं. ते पाच वर्षांसाठी असतं. मूळ मालकाने गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिली की नमुना २९-सी भरून तसं ऑनलाइन कळवायचं, आणि त्यानंतर गाडीची जबाबदारी विक्रेत्यावर येते. अशी नोंद झालेली असेल तर "मी मध्यस्थ" हे म्हणणं फारसं उरत नाही. व्यवहाराआधी सरळ विचारावं, "तुमचं अधिकारपत्र बघायला मिळेल का?" उत्तर टाळलं तरी काही ना काही कळतंच.

झीज, दोष आणि लबाडी

आयोगापुढे गेलेल्या कित्येक तक्रारी इथेच अडकतात. ऐंशी हजार किलोमीटर चाललेल्या गाडीची क्लच प्लेट गेली, बॅटरी उतरली, सस्पेन्शनचे बुश वाजू लागले, ब्रेक पॅड संपले, तर ती झीज आहे. जुन्या गाडीच्या कमी किमतीत ती धरलेलीच असते. त्यावर तक्रार केली तर वेळ जाईल, हाती काही लागणार नाही.

मालविक्री कायद्याचं मूळ सूत्र "घेणाऱ्याने पाहून घ्यावं" असंच आहे. त्याला अपवाद आहे तो त्या मालाचाच धंदा करणाऱ्यासाठी. त्याने वर्णन करून विकलेली वस्तू व्यवहारात चालण्याजोगी असलीच पाहिजे, असं कायदा गृहीत धरतो. पण पुढे एक मेख आहे: तुम्ही माल तपासला असेल, तर त्या तपासणीत सहज दिसायला हवे होते अशा दोषांबद्दल नंतर ओरड करता येत नाही. दरवाजावरचा चेपा, फाटलेलं सीट, गुळगुळीत टायर यांबद्दल बोलायचं ते भाव करताना. झाकलेल्या दोषाला मात्र ही मेख लागत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मोहोळच्या एका शिक्षिकेने २०१८ ची डिझेल हॅचबॅक ४,६०,००० रुपयांना घेतली. डिसेंबरचे दिवस, मीटर ६२,०००. तीन आठवड्यांनी तुळजापूरच्या घाटात तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला. गॅरेजमध्ये खोलल्यावर तीन गोष्टी दिसल्या. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील, गेलेलं. रेडिएटरमध्ये गळती बुजवणाऱ्या पावडरीचा गाळ. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पाणी सोडणारी झडप, जागेवर नाही, काढून टाकलेला.

नुसतं गॅस्केट गेलं असतं तर विक्रेता म्हणाला असता, "यंत्र आहे, जाणारच." पण पावडर आणि गायब थर्मोस्टॅट वेगळं सांगतात: इंजिन तापतंय हे कोणाला तरी आधीच माहीत होतं आणि त्याने वरवरचा इलाज करून ठेवला होता. थर्मोस्टॅट काढला की पाणी सतत फिरतं, थंडीत, सपाट रस्त्यावर काटा वर जात नाही. घाट चढताना किंवा सोलापूरचा एप्रिल सुरू झाला की सगळं उघडं पडतं. आता हे विक्रेत्याने केलं की आधीच्या मालकाने? धंदेवाईक विक्रेत्याच्या बाबतीत या प्रश्नाला कमी महत्त्व आहे. "इंजिन ओके, हात लागलेला नाही" असा मेसेज त्याने पाठवला असेल, तर दावा त्याचा आणि तो खोटा ठरला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये याच चासी नंबरवर २०२३ साली १,०५,००० किलोमीटरची नोंद सापडली, तर हे प्रकरण झिजेच्या पलीकडे जातं.

मीटर मागे फिरवणं ही या बाजारातली जुनी खोड. डिजिटल मीटर आल्यावर ती कमी झाली नाही, उलट पाना-पेचकसाऐवजी लॅपटॉपवर आली. पकडायची युक्ती साधी आहे: आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघा. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटर २८,००० आणि चारही टायर २०२२ च्या मध्यावरचे असतील, तर पहिले टायर इतक्या लवकर का बदलले? टायर साधारण चाळीस-पन्नास हजार सहज जातात. ब्रेकच्या पेडलचं रबर एका कडेने घासलेलं, स्टिअरिंग गुळगुळीत, ड्रायव्हरच्या सीटची कड बसलेली, आणि मीटर म्हणतोय अठ्ठावीस हजार. मीटरवर विश्वास ठेवायचा की पेडलवर?

अपघाताचा माग विम्याच्या जुन्या पॉलिसीत सापडतो. तिच्यावर नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीचा, टक्का छापलेला असतो. एकाच मालकाची सहा वर्षांची गाडी आणि बोनस शून्य, म्हणजे मागच्या काळात क्लेम झालेला असू शकतो, किंवा विमा मधे खंडित झालेला. दोन्हींचं उत्तर मागावं. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या जाहीर किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपन्या गाडी "टोटल लॉस" धरतात. अशा गाड्या स्वस्तात उचलून, डेंटिंग-पेंटिंग करून पुन्हा बाजारात आणल्या जातात. बोनेट आणि दरवाजांचे बोल्ट बघा. पान्याचे ओरखडे असतील तर ते खोलले गेलेत. रंगाची जाडी मोजायचं यंत्र असेल तर उत्तम: कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, खाली पुट्टी असेल तर आकडा कित्येक पट होतो.

पुरात बुडालेल्या गाडीची शंका इकडे आता जास्तच घ्यावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराचं पाणी माढा, मोहोळ, करमाळा भागात पसरलं होतं. पुराची गाडी धुऊन, पॉलिश करून चकाचक करता येते, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की आतल्या भागावर चिखलाची रेघ दिसते. सीटखालच्या स्क्रूंवर गंज, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात गाळ, एसी लावल्यावर येणारा कुबट वास हे बाकीचे साक्षीदार.

इंजिन थंड असताना चालू करायला सांगावं. तुम्ही पोहोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल, तर सकाळी स्टार्ट न होण्याची खोड झाकली जाते. बोनेटला हात लावून बघतात, पण आपल्याकडच्या उन्हात उभी असलेली कुठलीही गाडी तापलेलीच असते. त्यासाठी सकाळी सातला जावं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे पाणी आत जातंय. चावी फिरवली की इंजिन, एबीएस आणि एअरबॅगचे दिवे आधी लागून मग विझायला हवेत. एखादा लागलाच नाही तर तो बंद करून ठेवलेला असू शकतो. बहुतेक नव्या गाड्यांत स्कॅनर लावला की बिघाडाचे कोड पुसल्यापासून गाडी किती चालली हेही दिसतं. आकडा पंधरा-वीस किलोमीटर आला, तर तुम्ही येणार म्हणून आदल्या दिवशी कोड पुसले असावेत. त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा.

सीएनजी गाडी असेल तर किटची नोंद आरसीवर आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी लागणारी चाचणी झाली आहे का, हेही बघावं.

कागद

एमएच-१३ ची गाडी सोपी. सोलापूरला लागून कर्नाटक असल्यामुळे केए-२८ विजयपूर आणि केए-३२ कलबुर्गीच्या गाड्याही इथे स्वस्तात दिसतात. अशा गाडीला मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे नमुना २८ लागतो, आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो कोण भरणार हे लिहून घेतलं नाही, तर तो तुमच्याच खिशातून जातो. एनओसीशिवाय गाडी तुमच्या नावावर होणारच नाही, मग भाव कितीही पाडून मिळो.

नाव ट्रान्सफरसाठी नमुना २९ आणि ३०. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्याचा नमुना ३५. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. पूर्वीच्या विम्याचा थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर आपोआप येतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी तर १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलाचा अर्ज करावा. हा भाग लोक हमखास विसरतात. नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही.

पक्कं बिल मागा. बिल न देणं हीच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. "बिल हवं तर वर १८ टक्के जीएसटी" असं सांगून घाबरवलं जातं. जुन्या गाडीवर १८ टक्के दर आहे खरा, पण तो विक्रेत्याच्या नफ्यावर, पूर्ण किमतीवर नाही. ४,२०,००० ला घेतलेली गाडी त्याने ४,६०,००० ला विकली तर कर फक्त मधल्या ४०,००० वर.

बिलाच्या जोडीला एक साधं विक्रीपत्र करा. त्यात गाडीचा नंबर, चासी आणि इंजिन नंबर, ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ, त्या क्षणाचं मीटर रीडिंग, आणि विक्रेत्याने केलेले दावे त्याच्याच शब्दांत. दावे असे हवेत: "मीटर मूळ आहे. गाडीला मोठा अपघात झालेला नाही. पुरात बुडालेली नाही. इंजिन, गिअरबॉक्स खोललेला नाही." खाली सही, शिक्का. प्रामाणिक विक्रेता सही करतो. "जशी आहे तशी घेतली, नंतर कोणतीही तक्रार चालणार नाही" अशी ओळ त्यात असेल, तर ती खोडायला सांगावी. दोघांच्या संमतीने काही गृहीत अटी वगळता येतात, म्हणून ही ओळ अगदी निरुपयोगी नाही. पण ती खोट्याला अभय देत नाही. मीटर पाडून वर "जशी आहे तशी" लिहिलं, तरी मीटर पाडलेलाच राहतो.

वॉरंटी मिळाली असेल तर तिचा कागद नीट वाचा. बहुतेक वॉरंटी इंजिन-गिअरबॉक्सपुरत्या असतात. क्लच, रबरी भाग, वायरिंग वगळलेलं असतं, आणि त्यांना न कळवता बाहेर दुरुस्ती केली की ती रद्द होते.

बिघाड दिसला त्या दिवशी

पहिलं काम, गाडी थांबवा. काटा लाल रेषेवर असताना आणखी दहा किलोमीटर रेटली तर हेड वाकतं, आणि मग विक्रेता म्हणतो, "यांनीच तापवली." टो करून न्या, टोइंगची पावती ठेवा.

दुसरं, त्याच दिवशी विक्रेत्याला लेखी कळवा. मालविक्री कायद्यात, माल ताब्यात घेऊन बराच काळ काहीच न कळवता वापरत राहिलात तर तुम्ही तो स्वीकारला असं धरलं जातं. मग माल परत करण्याचा हक्क कमजोर होतो, उरते फक्त भरपाई. फोन करा, पण त्याच्या पाठोपाठ मेसेज किंवा ईमेलही टाका. "फोनवर बोललो होतो" हे नंतर कोणी मान्य करत नाही.

तिसरं काम सर्वात नाजूक. गाडी खोलायच्या आधी पुरावा तयार करा. घाईघाईत दुरुस्त करून घेतलं की दोष कायमचा पुसला जातो, हातात राहतं ते गॅरेजचं बिल. शक्यतो कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब कार्ड करा. त्यावर तारीख, चासी नंबर, मीटर रीडिंग, तुमची तक्रार आणि त्यांना सापडलेलं कारण लिहून घ्या. "इंजिन काम" एवढंच लिहिलेलं कार्ड बिनकामाचं. "रेडिएटरमध्ये सीलंटचे अवशेष, थर्मोस्टॅट आढळला नाही, हेड गॅस्केट दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरमध्ये फुटलेलं" असं हवं. काढलेले पार्ट गॅरेजमध्ये सोडू नका, पिशवीत भरून घरी आणा. दुरुस्तीला थांबताच येत नसेल, तर विक्रेत्याला लिहा की अमुक दिवशी, अमुक ठिकाणी गाडी खोलणार आहोत, माणूस पाठवून पाहून घ्या. तो आला नाही तर खोलतानाचा सलग व्हिडिओ करा.

जुन्या सर्व्हिस नोंदींची लेखी प्रत त्या ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरकडून मागा. कंपनीने त्या मॉडेलच्या कुठल्या भागासाठी गाड्या परत बोलावल्या होत्या का, तेही चासी नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. तसं असेल तर तो भाग कंपनी सहसा फुकट बदलते आणि भांडणाची गरजच उरत नाही.

कर्ज काढून गाडी घेतली असेल तर हप्ते थांबवू नका. तुमचं भांडण विक्रेत्याशी आहे. हप्ता चुकला की बँक तुमच्या मागे लागते आणि सिबिल बिघडतो.

मग नोटीस. वकिलामार्फतच पाठवली पाहिजे असं नाही. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपा. मजकूर लांबलचक नको:

"दि. … रोजी आपणाकडून वाहन क्र. एमएच-१३-… रु. ४,६०,००० ला खरेदी केले. विक्रीपत्रात मीटर मूळ असून ६२,००० किमी व इंजिन न खोललेले असे आपण लिहून दिले आहे. दि. … च्या जॉब कार्डनुसार इंजिन पूर्वी दुरुस्त केलेले असून अधिकृत सर्व्हिस नोंदीत २०२३ सालीच १,०५,००० किमी नोंदलेले आहेत. प्रती सोबत जोडल्या आहेत. १५ दिवसांत वाहन परत घेऊन रक्कम परत करावी, अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागण्यात येईल."

एवढं पुरे. "जबर मानसिक धक्का" वगैरे मजकुराने नोटिशीचं वजन वाढत नाही, आकड्यांनी वाढतं.

ऑनलाइन कंपनीकडून घेतली असेल तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची असते. काही कंपन्या ठरावीक दिवसांत गाडी परत घेतात. तो दिवस मोजून ठेवा, मुदत उलटली की त्याच गोष्टीसाठी भांडावं लागतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करणं फुकट आहे. मोठ्या कंपन्या तिथे उत्तर देतात. गल्लीतल्या कन्सल्टंटकडून फारशी आशा धरू नये, आणि हेल्पलाइन कोणालाही हुकूम करू शकत नाही.

चासी नंबर घासलेला, गाडी चोरीची किंवा कागद बनावट निघाले, तर थेट पोलीस. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, जुनं ४२०. नुसत्या बिघाडासाठी गेलात तर "हे दिवाणी आहे" असं उत्तर मिळेल, आणि ते बहुधा बरोबर असेल.

जिल्हा आयोगात

तक्रार घटनेपासून दोन वर्षांत करायची. गाडी पुणे किंवा हैदराबादहून आणली असली तरी तुम्ही सोलापुरात राहता किंवा काम करता, तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात ती दाखल होते. २०१९ च्या कायद्याने दिलेली ही सर्वात मोठी सोय. ऑनलाइन दाखल करायची असेल तर ई-जागृती हे पोर्टल आहे. वकील सक्तीचा नाही आणि तक्रार मराठीत लिहिता येते.

फी ठरते ती तुम्ही मोजलेल्या किमतीवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५ लाखांपर्यंत काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. जिल्हा आयोगाची मर्यादाही ५० लाख. आपल्या उदाहरणातल्या ४,६०,००० च्या गाडीला फी शून्य.

तक्रारीबरोबर तारखांचा तक्ता, प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रांची यादी जोडायची. समोरच्यांत ज्याने पैसे घेतले तो आणि ज्याने बिल दिलं तो, दोघांनाही धरा. वॉरंटी तिसऱ्या कंपनीची असेल तर तिलाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीला उगाच ओढू नका. तिची वॉरंटी चालू नसेल तर तिचा इथे संबंध नाही, आणि तिचे वकील प्रकरण लांबवतील.

मागणीही विचार करून लिहा. गाडी परत आणि पूर्ण रक्कम व्याजासह, ही पहिली. ती मान्य न झाल्यास दुरुस्तीचा खर्च आणि खऱ्या मीटरनुसार गाडीच्या किमतीतला फरक, ही पर्यायी. टोइंग, जॉब कार्ड, खर्च वेगळा. मानसिक त्रासाचे दहा लाख लिहिणारेही भेटतात. त्याने आयोगाचा कल बदलत नाही.

विरोधी पक्षाला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही ४५ दिवसांची सीमा पक्की केली. यंत्राच्या दोषाचा वाद असेल तर आयोग तज्ज्ञाकडून तपासणी करून घेऊ शकतो. त्यासाठी स्वतःहून अर्ज द्या, अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा परवानाधारक सर्व्हेअर सुचवा. खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल. तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय "इंजिनात मूळचाच दोष होता" हे म्हणणं सहसा टिकत नाही. मीटरचं प्रकरण याहून सोपं, तिथे दोन कागद समोरासमोर ठेवले की झालं. कायद्यात निकालाचं उद्दिष्ट तीन महिने, तपासणी असेल तर पाच. प्रत्यक्षात याहून बराच जास्त वेळ धरून चाला. म्हणूनच मधे मध्यस्थीचा प्रस्ताव आला आणि रक्कम पटण्यासारखी असली, तर विचार करावा.

हरलेला पक्ष ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करू शकतो, पण आदेशातली निम्मी रक्कम आधी जमा करून. आदेश पाळलाच नाही तर अंमलबजावणीचा अर्ज करता येतो, आणि त्यात एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. हा अर्ज दाखल झाल्यावर बरेच चेक आपसूक निघतात.

पैसे परत करण्याचा आदेश झाला की गाडी परत द्यायची वेळ येते, आणि इथे एक चूक टाळावी. तोवर आरसीवर तुमचं नाव आलेलं असतं. रक्कम खात्यात जमा झाल्यावरच नमुना २९ आणि ३० वर सही करा, खरेदीदाराचा रकाना कोरा ठेवू नका, आणि ताबा देताना तारीख, वेळ आणि मीटर रीडिंग लिहून विक्रेत्याची सही घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक धरला जाईल. त्यामुळे नाव उतरलेलं पोर्टलवर दिसेपर्यंत दर दोन-चार दिवसांनी गाडीचा नंबर टाकून बघत राहा.